शिराताकीचे स्थानक : एक गोष्ट आणि तिच्यामागचे खोरे

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



विषय जाहीर झाला तेव्हा संयोजकांपैकी एकाने मला विचारले की, जपानमधल्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर आपण पाऊण तास काय बोलणार? प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर म्हणून आधी माझी एक चूक आपल्यापुढे कबूल करतो, कारण हे व्याख्यान त्या चुकीतूनच जन्मले आहे.

२०१६ सालच्या जानेवारीत एक गोष्ट जगभर फिरली. आपल्यापैकी बहुतेकांच्या भ्रमणध्वनीवर ती मराठीतही येऊन गेली असेल. जपानच्या उत्तर टोकाला एक ओसाड स्थानक आहे. तिथे एकच प्रवासी उरला आहे, आणि तो प्रवासी म्हणजे शाळेत जाणारी एक मुलगी. रेल्वेने ते स्थानक बंद करायचे ठरवले होते. पण ही मुलगी तिथून शाळेला जाते हे कळताच तिचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत गाडी चालू ठेवण्याचा निर्णय झाला. गाडीच्या वेळाही तिच्या शाळेच्या वेळेनुसार ठरवल्या. सोबत बर्फात उभ्या असलेल्या एका लाकडी स्थानकाचे छायाचित्र. गोष्ट वाचून माझे डोळे पाणावले. ती मी पुढे पाठवली, आणि एवढ्यावर न थांबता एका शाळेच्या कार्यक्रमात तीनशे मुलांपुढे ती सांगितली. आपल्या अखेरच्या नागरिकाची चिंता वाहणारे राष्ट्र कसे असते, असे त्या गोष्टीवरून मी त्या मुलांना समजावले. टाळ्याही मिळाल्या.

कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘सर, मी जपानमध्ये सहा वर्षे नोकरी केली आहे. आपण सांगितलेले स्थानक एक आहे, ती मुलगी चढत होती ते स्थानक दुसरे आहे, आणि रेल्वेने तिच्यासाठी ते राखून ठेवले याला काही आधार नाही.’’ त्या क्षणी मला जी लाज वाटली ती अजून ओसरलेली नाही. मग मी खरे काय ते शोधू लागलो. जे हाती लागले ते त्या बनवलेल्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठे होते. आज ते आपल्यापुढे मांडतो.

होक्काइदो हे जपानच्या चार मुख्य बेटांपैकी उत्तरेचे बेट. त्याच्या मध्यावरील आसाहिकावा शहराजवळून सेकिहोकू मार्ग निघतो आणि ईशान्येला ओखोत्स्क समुद्रावरच्या आबाशिरीपर्यंत जातो. लांबी २३४ किलोमीटर. एकेरी रूळ, विजेच्या तारा नाहीत, गाड्या डिझेलवर. वाटेत कितामी घाट लागतो. घाट ओलांडून पलीकडे उतरले की शिराताकीचे खोरे सुरू होते. शिराताकी म्हणजे शुभ्र धबधबा. या खोऱ्यात एकाच नावाची पाच स्थानके ओळीने होती. ओकु म्हणजे आतले, कामि म्हणजे वरचे, मग नुसते शिराताकी, क्यू म्हणजे जुने, आणि शिमो म्हणजे खालचे. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतात तसाच हा प्रकार. पैकी ओकु-शिराताकी २००१ मध्येच बंद झाले होते.

छायाचित्र होते ते कामि-शिराताकीचे, म्हणजे वरच्या गावाचे. तिथे दिवसाकाठी प्रत्येक दिशेला एकच गाडी थांबत असे. सकाळी ७ वाजून ४ मिनिटांनी एक आणि संध्याकाळी ५ वाजून ८ मिनिटांनी दुसरी. हे वेळापत्रक कोणी पाहिले आणि त्याला ते शाळेचे वेळापत्रक वाटले. ती मुलगी मात्र शिराताकीच्या पलीकडच्या क्यू-शिराताकीहून चढत असे आणि तीसेक किलोमीटरवरील एंगारु गावच्या माध्यमिक शाळेत जात असे. तिथे सकाळी शाळेच्या दिशेने जाणारी एकच गाडी थांबे, परतीला मात्र तीन होत्या. तिच्या स्थानकावर चढणारी ती जवळजवळ एकटी होती, ही गोष्ट खरी. परंतु त्या गाडीत एंगारुला निघालेली इतरही मुले असत. स्थानके बंद होण्यामागे रेल्वे कंपनीने कारण दिले ते प्रवाशांच्या अत्यल्प संख्येचे. जपानमध्ये रेल्वेचे वेळापत्रक मार्चमध्ये बदलते आणि शाळेचे वर्षही मार्चमध्येच संपते. मार्चमध्ये स्थानक बंद केले तर शाळकरी मुलांची अडचण सर्वांत कमी होते, हेही तितकेच खरे. या साध्या जुळणीतून कोणीतरी करुणेची कथा विणली. त्या मुलीने ती मागितली नव्हती, तिच्या गावानेही नाही.

२६ मार्च २०१६ रोजी कामि-शिराताकी, क्यू-शिराताकी आणि शिमो-शिराताकी ही तिन्ही स्थानके प्रवाशांसाठी बंद झाली. त्याच दिवशी याच मार्गावर आणखी पुढे असलेले कानेहाना हे चौथे स्थानकही बंद झाले. त्याच्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. कानेहानाकडे मी पुढे वळणार आहे, ते नाव कृपया लक्षात ठेवावे.

प्रथम या खोऱ्यात माणसे आली कशी, ते पाहू. मानवी वस्तीच्या दृष्टीने ही भूमी अतिप्राचीन आहे. इथल्या डोंगरात ज्वालामुखीतून निघालेली काळी काच विपुल सापडते. अश्मयुगातील माणूस तिची पाती आणि भाल्यांची टोके घडवीत असे. इथल्या उत्खननात मिळालेल्या या हत्यारांना २०२३ साली जपानने ‘राष्ट्रीय ठेवा’ हा सर्वोच्च दर्जा दिला. त्या देशाच्या राष्ट्रीय ठेव्यांत यांहून जुने काही नाही. पुढे ही भूमी आयनू या मूळ रहिवाशांची होती. एंगारु हे नावच त्यांच्या भाषेतल्या, ‘दूरवर पाहण्याची जागा’ अशा अर्थाच्या शब्दावरून आले आहे, आणि तो उंच सुळका आजही एंगारुच्या स्थानकालगत उभा आहे. शेतकरी वस्ती मात्र अगदी अलीकडची. १९१२ साली दक्षिणेकडील किइ प्रांतातून, आजच्या वाकायामा जिल्ह्यातून, ५४ कुटुंबे इथे आली. त्यांचा पुढारी तिशीच्या आतला एक तरुण होता. त्याचे नाव मोरिहेई उएशिबा. होय, पुढे आयकिदो या युद्धविद्येचा प्रवर्तक म्हणून जग ज्यांना ओळखू लागले तेच हे उएशिबा. आपल्या शहरातल्या व्यायामशाळांतही त्यांची तसबीर पाहिल्याचे आपणास आठवेल. त्या काळी मात्र ते जंगल तोडून शेत काढणारे वसाहतकार होते. पहिल्या वर्षांत पीक धड आले नाही. पुदिन्याची लागवड, लाकूडतोड यांवर वस्ती तगली. १९१५ मध्ये एंगारुच्या एका खानावळीवजा धर्मशाळेत त्यांना सोकाकु ताकेदा हे गुरू भेटले आणि त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. १९१७ मध्ये आगीत वस्तीचा मोठा भाग जळाला. ती पुन्हा उभी राहिली.

अशा वस्तीला रेल्वे म्हणजे काय, याची कल्पना करावी. हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली जात. आजाऱ्याला वैद्याकडे नेणे आणि लाकूड बाजारात धाडणे, दोन्ही बर्फाच्या मर्जीवर अवलंबून असे. १९२९ साली खालच्या बाजूने रूळ शिराताकीपर्यंत आले. नंतर कितामी घाटाखालून चार किलोमीटरांहून लांब बोगदा खणला गेला आणि १ ऑक्टोबर १९३२ रोजी घाटापलीकडचा प्रदेश उर्वरित बेटाशी थेट जोडला गेला. कामि-शिराताकीचे स्थानक त्याच दिवशी उघडले. क्यू-शिराताकी मात्र स्थानक म्हणूनसुद्धा जन्मले नव्हते. युद्धानंतर १९४७ मध्ये तो एक तात्पुरता थांबा म्हणून सुरू झाला आणि तब्बल चाळीस वर्षे तात्पुरताच राहिला. १९८७ मध्ये त्याला स्थानकाचा दर्जा मिळाला.

आता कानेहाना. याच मार्गावर एंगारु आणि कितामी यांच्या मध्ये जोमोन नावाचा घाट आहे. तिथला बोगदा जेमतेम अर्धा किलोमीटर लांबीचा. तो १९१२ ते १९१४ या काळात खणला गेला. काम करायला माणसे आणली ती फसवून. दूरच्या शहरांतून आगाऊ पैसे देऊन, खोट्या आशा दाखवून. मग त्यांना कोंडून ठेवले जाई. पळणाऱ्याला मारहाण होई, आजाऱ्याला अन्न तोडले जाई. शंभराहून अधिक मजूर तिथे मेले असे मानले जाते. बोगद्याच्या भिंतीत माणसे चिणली आहेत, असे आसपासचे लोक पिढ्यान् पिढ्या कुजबुजत. शिकलेली मंडळी हसत. १९६८ च्या भूकंपाने त्या भिंतीला तडे गेले. १९७० मध्ये दुरुस्तीसाठी विटा काढल्या, तेव्हा आत उभ्या स्थितीतला मानवी सांगाडा निघाला. १९८० साली कानेहाना इथे या मृत मजुरांचे स्मारक उभारण्यात आले.

मित्रहो, मला क्षणभर थांबू द्या. आपण जपानच्या शिस्तीची, कर्तव्यनिष्ठेची उदाहरणे देतो. द्यावीत, त्यांत गैर काही नाही. परंतु ज्या मार्गावरची एका मुलीची कनवाळू कथा आपण डोळे पुसत वाचली, त्याच मार्गाच्या भिंतीत माणूस चिणलेला होता, आणि ते सत्य शोधून त्याचे स्मारक उभारणारेही त्याच देशाचे लोक होते. मला स्वतःला त्या देशाबद्दल आदर वाटतो तो या दुसऱ्या गोष्टीमुळे अधिक. कल्पित सद्गुणाची प्रशंसा करायला काहीच लागत नाही. आपली भिंत फोडून पाहायला धैर्य लागते.

मग ही स्थानके मरणपंथाला का लागली? जपानची सरकारी रेल्वे कर्जात बुडाली होती. विसर्जनाच्या वेळी तिच्या डोक्यावर सुमारे ३७ लाख कोटी येनचे ओझे होते. १९८० मध्ये कायदा करून ८३ आडवळणी मार्ग वेगळे काढले गेले. त्यांपैकी ४५ मार्गांवर बस आली आणि ३८ मार्ग स्थानिक संस्थांच्या वा खाजगी कंपन्यांच्या स्वाधीन झाले. १ एप्रिल १९८७ रोजी उरलेली रेल्वे प्रवाशांच्या सहा आणि मालवाहतुकीच्या एका कंपनीत विभागली गेली. क्यू-शिराताकीला स्थानकाचा दर्जा मिळाला तो याच दिवशी. तोक्यो आणि ओसाकाच्या भोवतालच्या कंपन्यांना भरपूर प्रवासी मिळाले. होक्काइदोच्या वाट्याला बर्फ, अंतरे आणि विरळ वस्ती आली. ती कंपनी तोट्यात चालणार हे पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक होते. म्हणून तिला ६८,२२० कोटी येनचा निधी देण्यात आला. त्याच्या व्याजातून तोटा भरून काढायचा, अशी योजना. व्याजाचा दर धरला होता ७.३ टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ५ हजार कोटी येन. कागदावर हिशेब चोख होता. पुढे जपानमधले व्याजदर कोसळले आणि निधी तेवढाच राहूनही त्याचे उत्पन्न आटत गेले. आपल्यापैकी जे निवृत्त आहेत आणि मुदतठेवींवर घर चालवतात, त्यांना या कंपनीची व्यथा मी समजावून सांगायला नको!

पैसे आटले की प्रथम ताण येतो तो देखभालीवर. २०११ साली सेकिशो मार्गावर बोगद्यात एका जलद गाडीला आग लागली. २०१३ मध्ये ओनुमा इथे मालगाडी घसरली, आणि चौकशीत रुळांच्या तपासणीच्या नोंदीच फिरवल्याचे उघड झाले. यानंतर कंपनीने गाड्यांचा वेग आणि संख्या उतरवली आणि पैसा सुरक्षिततेकडे वळवायचे ठरवले. दिवसाला एकही माणूस सरासरीने न चढणाऱ्या स्थानकाचा फलाट झाडायचा, बर्फ उपसायचे, की रूळ बदलायचे? कामि-शिराताकीच्या प्रश्नाकडे त्या कार्यालयातून पाहिले तर तो असा दिसे. त्यांना निष्ठुर म्हणणे सोपे आहे. मला ते म्हणवत नाही.

पण गावाकडून पाहिले तर? लाकडाचा धंदा बसला, तरुण माणसे साप्पोरोला गेली, मग शाळा मिटल्या. २००५ मध्ये शिराताकी गाव स्वतंत्र राहिले नाही, एंगारुत विलीन झाले. खोऱ्यातून शुल्क न लागणारा द्रुतगती मार्ग टप्प्याटप्प्याने आला आणि ज्याच्याकडे मोटार आहे तो रेल्वेकडे फिरकेना. उरले कोण? ज्यांना मोटार चालवता येत नाही ते. म्हणजे शाळकरी मुले आणि अतिवृद्ध. रेल्वे प्रवाशांची मोजदाद करते तेव्हा ही माणसे एक, दोन अशीच भरतात, कारण ती तेवढीच उरली आहेत. त्यांची गरज मात्र पूर्वीइतकीच असते.

आणि आता तो दिवस. २६ मार्च २०१६. ज्या दिवशी शिराताकीच्या खोऱ्यातली स्थानके वेळापत्रकातून गेली, त्याच दिवशी होक्काइदोच्या भूमीवर पहिली शिंकान्सेन अवतरली. समुद्राखालच्या सुमारे ५४ किलोमीटरच्या सेइकान बोगद्यातून, १४९ किलोमीटरचा नवा मार्ग, शिन-आओमोरी ते शिन-हाकोदाते-होकुतो. कंपनी तीच. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी आपण जे तंत्र घेत आहोत ते हेच. एका टोकाला ध्वज, फुले आणि वाद्ये. दुसऱ्या टोकाला आदल्या रात्री शेवटची गाडी निघून गेलेली. क्यू-शिराताकीला ६९ वर्षे झाली होती, कामि-शिराताकीला ८३, शिमो-शिराताकीला ८६.

याला मी योगायोग म्हणत नाही, कारण दोन्ही बदल एकाच वेळापत्रकाचे होते. आणि ढोंगही म्हणत नाही. वेगवान गाडी नको होती, असे त्या खोऱ्यातला माणूसही म्हणणार नाही. परंतु राष्ट्र म्हणून काय उभारले याच्या याद्या आपण करतो, तशी काय सोडून दिले याचीही यादी ठेवली जावी असे मला वाटते. जपानी लोक ती ठेवतात. कोणते स्थानक कधी उघडले, कधी मिटले, शेवटच्या गाडीला किती डबे होते, हे तिथे बारकाईने नोंदवले जाते.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कंपनीने जाहीर केले की, दहा मार्गांवरील तेरा भाग, एकूण १,२३७ किलोमीटर, म्हणजे तिच्या जाळ्याचा जवळजवळ निम्मा हिस्सा, ती एकट्याच्या बळावर चालवू शकत नाही. संपूर्ण सेकिहोकू मार्ग त्यात आहे. तो अजून चालू आहे. कितामीचा कांदा मालगाडीने बाहेर जातो तोही याच मार्गाने. घाटासाठी त्या गाडीला पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिने जोडतात. बाकीचे काही भाग एकेक करून गेले. साश्शो मार्गाच्या टोकाला दिवसातून एकच गाडी जात असे. २०२० च्या मे महिन्यात तिला निरोप द्यायचा होता, पण महामारीत गर्दी नको म्हणून १७ एप्रिललाच ती शेवटची धावली. इकुतोरा हे स्थानक १९९९ च्या ‘पोप्पोया’ या चित्रपटात झळकले होते. एका म्हाताऱ्या स्टेशनमास्तराची भूमिका केन ताकाकुरा यांनी केली होती. चित्रपटात ते स्थानक बंद होणार असते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये वादळाने तो मार्ग उखडला, तो पुन्हा बांधलाच गेला नाही, आणि २०२४ च्या मार्चअखेर ते खरोखरच बंद झाले.

एक उदाहरण मात्र वेगळे आहे. युबारी हे कोळशाच्या खाणींचे शहर २००७ मध्ये दिवाळखोर ठरले. तिथले तरुण महापौर नाओमिचि सुझुकी यांनी २०१६ मध्ये स्वतःच कंपनीकडे जाऊन सांगितले की, आमचा १६ किलोमीटरचा फाटा बंद करा, परंतु त्याच्या बदल्यात आम्हाला बससेवेसाठी साहाय्य द्या. कंपनीने ७५ कोटी येन दिले. २०१९ च्या एप्रिलमध्ये फाटा बंद झाला, आणि त्याच महिन्यात सुझुकी संपूर्ण होक्काइदोचे राज्यपाल म्हणून निवडून आले. काहींनी त्यांना धूर्त म्हटले, काहींनी दूरदृष्टीचे. माझे मत असे की, बुडते जहाज वाजवून घेण्यापेक्षा माणसांना नावेत बसवणे बरे. पण ज्या गावाला असा वाटाघाटी करणारा माणूस मिळत नाही त्याने काय करावे, याचे उत्तर युबारीकडे नाही. शिराताकीला असा कोणी मिळाला नाही.

२०१८ च्या ऑक्टोबरात मी त्या मार्गाने गेलो. मुद्दाम गेलो, मनाला लागलेले काढून टाकायचे होते. आसाहिकावाहून जलद गाडीत बसलो. कामिकावा सोडल्यावर जंगल सुरू झाले ते संपेचना. चार स्थानके पूर्वी या टप्प्यातूनच वगळली गेली आणि २०१६ नंतर कामिकावा ते शिराताकी हे अंतर ३७.३ किलोमीटरचे झाले. मधे एकही प्रवासी स्थानक नाही. जपानच्या जुन्या रेल्वेमार्गांवर लगतच्या दोन स्थानकांतले सर्वांत मोठे अंतर हेच. या टप्प्यावर प्रत्येक थांब्यावर थांबणारी साधी गाडी दिवसाला दोन्ही दिशांना एकेकच उरली आहे. पाने लाल-पिवळी झाली होती. कामि-शिराताकी कधी मागे पडले ते मला समजले नाही.

शिराताकीला दोन मिनिटेही थांबलो नसू. एक वृद्ध बाई चढल्या आणि माझ्या पुढच्या रांगेत बसल्या. एंगारु आले. तिथे गाडी उलट दिशेने निघते, कारण ज्या मार्गासाठी ते स्थानक तसे बांधले होते तो नायोरोकडचा मार्ग १९८९ मध्येच उखडला गेला. त्यामुळे प्रत्येक प्रवाशाने आपले आसन स्वतः उलटे फिरवायचे असते. सूचना झाली, सगळे उठले. मला त्या आसनाची कळ सापडेना. त्या बाईंना तिथेच उतरायचे होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पायाने कळ दाबून माझे आसन फिरवून दिले, किंचित वाकल्या आणि उतरून गेल्या. फलाटावर गणवेषातली पाच-सहा मुले परतीच्या गाडीची वाट पाहत उभी होती.

परत आल्यावर मी त्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंना पत्र लिहिले आणि पंधरा मिनिटे मागितली. त्यांनी ती दिली. तीनशेपैकी दहावीची मुले तोवर बाहेर पडली होती, त्यांच्यापर्यंत मी पोहोचू शकलो नाही. उरलेल्यांना सांगितले की, मी तुम्हाला चुकीचे सांगितले होते, खरे असे आहे. मुले शांत बसून राहिली. टाळ्या झाल्या नाहीत. शेवटी मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, ‘‘मग सर, आता त्या गावातली मुले शाळेला कशाने जातात?’’

मी तिला म्हणालो, ‘‘बाळ, स्थानक मिटले त्या वर्षी तिथून जाणारे मूल ती मुलगीच होती.’’

(शब्दांकन : संपादकीय विभाग)